कमी आलेला आकडा



गेल्या अंकात मुदतठेवींवरील वारसनोंदीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांची उत्तरे या अंकात देण्याचे योजिले होते. परंतु ती पुढील अंकावर टाकीत आहे, त्याबद्दल पत्रलेखकांनी क्षमा करावी. मधल्या काळात आमच्या घरात एक प्रसंग घडला. ज्या माणसाने छत्तीस वर्षे बँकेत आकडे वाचण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर या सदरातून आपणांस आकडे कसे वाचावेत हे सांगितले, त्याच माणसाने एक आकडा उलटा वाचला. त्या चुकीची किंमत चार दिवसांच्या जिवाला मोजावी लागली असती. आमच्या पुतणीची व जावयांची परवानगी घेऊन ती हकीकत येथे लिहीत आहे. हेतू एवढाच की, आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली, तर माझी चूक तेथे पुन्हा होऊ नये.

पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंकडे आली होती. गाव तालुक्याचे, घरात किराणा मालाचे दुकान, वर राहती जागा. दिवस भरण्यास साडेतीन आठवडे अवकाश असतानाच एके सकाळी तिचे पाणी गेले. कळा उशिरा सुरू झाल्या आणि प्रसूती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. मुलगा झाला, वजन दोन किलो चारशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. पहिला नातू, तेव्हा घरात माणसांची रीघ लागली. मीही सौ.सह तेथेच होतो. बाळ फारसे रडत नव्हते. येणारा प्रत्येक जण म्हणे, "किती गुणाचे बाळ! आवाजसुद्धा नाही." आम्हांलाही त्याचे कौतुकच वाटत होते.

चौथ्या दिवशी दुपारनंतर भावजयीच्या लक्षात आले की, बाळ अंगावर पीत नाही. तोंडात धरते आणि झोपी जाते. पायाचे तळवे गार लागत होते. गावातील डॉक्टरांनी पाहून रक्त तपासण्यास पाठविले. रात्री नऊच्या सुमारास अहवाल माझ्या मोबाईलवर आला. पांढऱ्या पेशी ३,१००. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा ४,००० ते ११,०००. आकड्यापुढे 'कमी' अशी खूण.

मला दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचा जंतुसंसर्ग झाला होता. तेव्हा माझ्या पांढऱ्या पेशी अठरा हजारांवर गेल्या होत्या. संसर्ग झाला की पेशी वाढतात, एवढे ज्ञान त्या आजारपणाने मला दिले होते. त्या ज्ञानाच्या बळावर मी भावाला अधिकारवाणीने सांगितले, "पेशी वाढलेल्या नाहीत, उलट किंचित कमी आहेत. म्हणजे संसर्ग नाही. अशक्तपणा असेल. रात्रीचे कशाला निघता? सकाळी नगरला दाखवू." गावच्या डॉक्टरांना दोनदा फोन लावला, तो लागला नाही. भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही. जावई मुंबईहून निघाले होते, ते पोचावयाचे होते. सगळ्यांनी मान डोलावली.

मान डोलावली नाही ती एकट्या आमच्या सौ.ने. ती म्हणाली, "तुमचा आकडा राहू द्या बाजूला. बाळ दुपारपासून प्यायलेले नाही आणि पाय गार आहेत. मी सकाळपर्यंत थांबणार नाही." मला ते थोडे लागले, हे कबूल करतो. परंतु तिच्या आवाजात असे काही होते की वाद वाढला नाही. रात्री साडेदहाला आम्ही गाडी काढली. पुतणीने बाळाला उघड्या छातीशी घेतले, वरून शाल लपेटली आणि दीड तासाने आम्ही नगरमधील बालरुग्णालयात पोचलो.

तेथील तरुण डॉक्टरांनी बाळाला हात लावला, अहवाल पाहिला, आणि परिचारिकेला भराभर सूचना दिल्या. पहिल्या तासाभरात रक्ताचा नमुना जंतूंच्या तपासणीसाठी घेतला गेला, शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली, बाळ उबेच्या पेटीत गेले. मग ते बाहेर येऊन म्हणाले, "काका, जंतू रक्तात गेल्याची दाट शंका आहे." मी अहवाल पुढे केला. "पण पेशी तर कमी आहेत!" ते म्हणाले, "म्हणूनच मला जास्त काळजी वाटते."

शिल्लक आणि उलाढाल

हे वाक्य समजून घेण्यास मला पुढचे काही दिवस लागले. त्या सोळा दिवसांत डॉक्टरांनी सवडीप्रमाणे जे समजाविले आणि नंतर मी जे वाचले, ते आपल्या परिचयाच्या भाषेत मांडतो.

पांढऱ्या पेशी अनेक प्रकारच्या असतात. त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी म्हणजे जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणारे शिपाई. जंतूला गिळून नष्ट करणे हे त्यांचे काम. पेशी परक्या कणाला गिळते, ही गोष्ट रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत पाहिली. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. रक्तात आल्यावर त्या थोडेच तास फिरतात, नंतर ऊतींमध्ये जातात आणि तेथेच संपतात. म्हणजे रक्तात दिसणारी संख्या ही सतत येणाऱ्या आणि सतत जाणाऱ्या रकमेतील त्या क्षणाची शिल्लक असते.

बँकेच्या शाखेत काउंटरवर दिसणारी रोकड ही बँकेची सगळी रोकड नसते. मागे तिजोरी असते आणि तिच्याही मागे मोठ्या शाखेतील करन्सी चेस्ट असते. एखाद्या दिवशी पैसे काढणाऱ्यांची झुंबड उडाली, तर तिजोरीतून रोकड येत राहते आणि काउंटर रिकामा दिसत नाही. प्रौढ माणसाच्या शरीराचे तसेच आहे. अस्थिमज्जेत तयार न्यूट्रोफिलांचा मोठा राखीव साठा असतो. जंतूंनी हल्ला केला की तो साठा रक्तात ओतला जातो आणि अहवालात आकडा वाढलेला दिसतो. माझ्या पित्ताशयाच्या वेळी हेच घडले.

नवजात बाळाची तिजोरी लहान असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्याहून लहान. शिवाय नव्या पेशी बनविणारा त्याचा कारखाना जन्मतःच जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू असतो. मागणी वाढली म्हणून उत्पादन फारसे वाढविता येत नाही. तेव्हा गंभीर संसर्गात पेशी ज्या वेगाने खर्च होतात, त्या वेगाने भरपाई होत नाही. साठा संपतो आणि रक्तातील आकडा खाली येतो. अमेरिकेतील ख्रिस्टेन्सन व रॉथस्टीन या डॉक्टरांनी १९८० साली रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांच्या अस्थिमज्जेतील परिपक्व न्यूट्रोफिलांचा साठा संपून जातो, हे दाखविले होते. अशा बाळांना धोका अधिक असतो.

आता माझी चूक ध्यानात येईल. खात्यातील शिल्लक कमी आहे, म्हणून खात्यात व्यवहार झाला नाही असे कोणताही कारकून म्हणणार नाही. पुष्कळदा उचल फार झाली, म्हणूनच शिल्लक कमी असते. मी शिल्लक पाहिली आणि उलाढालीविषयी निष्कर्ष काढला. खतावणी न पाहता केवळ शेवटची ओळ पाहणाऱ्या कनिष्ठांना मी आयुष्यभर रागावत आलो, आणि त्या रात्री मी तेच केले.

छापील मर्यादा कोणाची?

दुसरी चूक अहवालाच्या कागदावर होती. ४,००० ते ११,००० ही मर्यादा प्रौढांची आहे. जन्मलेल्या बाळाच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशी ९,००० ते ३०,००० पर्यंत असणे स्वाभाविक मानले जाते. म्हणजे जन्मानंतर १८,००० आकडा पाहून घाबरण्याचे कारण नसते. उलट, प्रौढांच्या मोजमापाने 'किंचित कमी' दिसणारा ३,१०० हा आकडा बाळासाठी फार कमी असतो.

न्यूट्रोफिलांचा हिशेब तर तासागणिक बदलतो. अमेरिकेत डॅलस येथे मॅनरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे एका घन मिलिमीटर रक्तातील न्यूट्रोफिलांची खालची मर्यादा जन्मवेळी सुमारे १,८०० असते, बारा तासांच्या सुमारास ती ७,८०० पर्यंत चढते आणि तीन दिवसांनंतर १,७५० वर स्थिरावते. म्हणजे ५,००० हा आकडा जन्मतः ठीक, बाराव्या तासाला कमी आणि चौथ्या दिवशी पुन्हा ठीक. अपुऱ्या दिवसांच्या अगदी लहान बाळांसाठी कोष्टके पुन्हा वेगळी आहेत. तेव्हा बाळ किती तासांचे आहे हे जाणल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही.

आमच्या बाळाच्या अहवालात न्यूट्रोफिल २९ टक्के लिहिले होते. ३,१०० चे २९ टक्के म्हणजे जवळपास ९००. चौथ्या दिवसाच्या १,७५० या मर्यादेच्या निम्मेच. हा साधा गुणाकार मी त्या रात्री केला नव्हता. रुग्णालयात डॉक्टरांनी आणखी एक प्रमाण काढले. साठा संपत आला की अस्थिमज्जा कच्च्या, अपरिपक्व पेशीही रक्तात पाठवू लागते. काउंटरवर गर्दी झाली की उमेदवार कारकुनांनाही बसवावे लागते, तसे. एकूण न्यूट्रोफिलांत अशा कच्च्या पेशींचे प्रमाण ०.२ हून अधिक असेल तर शंका बळावते. आमच्या बाळात ते ०.४ होते.

आपल्या देशातील नवजात विभागांत या शंकेसाठी ठरावीक चाचण्यांचा संच वापरला जातो. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० हून कमी, न्यूट्रोफिल वयाच्या मानाने कमी, कच्च्या पेशींचे प्रमाण ०.२ हून जास्त, सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेले, आणि रक्तपेशी खाली बसण्याचा वेग वाढलेला. यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी आढळल्या तर संसर्ग असल्याचे धरून चालतात. या यादीत 'पेशी कमी' हे संसर्गाचे चिन्ह म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. कॅलिफोर्नियातील ६७,००० हून अधिक नवजात बाळांच्या रक्तगणनांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातही असेच दिसले की, नवजात बाळात पेशी वाढलेल्या असण्याने फारसे काही कळत नाही. फार कमी असण्याने मात्र पुष्कळ कळते, विशेषतः जन्मानंतरचे पहिले चार तास उलटून गेल्यावर.

येथे एक सावधगिरी. कमी पेशी म्हणजे प्रत्येक वेळी संसर्गच, असेही नाही. आईला गरोदरपणात रक्तदाबाचा विकार असेल तर बाळाच्या न्यूट्रोफिल काही दिवस कमी असू शकतात आणि बहुधा आपोआप सावरतात. कधी आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये बाळाच्या पेशी नष्ट करतात. म्हणून एकट्या आकड्यावर कोणताच निर्णय होत नाही. आणि याची उलट बाजू तर अधिक महत्त्वाची आहे: आकडा चांगला असला, तरी संसर्ग नाही असे सिद्ध होत नाही. आमच्या शेजारच्या पेटीत एका हमाल कुटुंबाची मुलगी होती. तिच्या पेशी नऊ हजार होत्या. ती तिसऱ्या दिवशी गेली. तिचे वडील व्हरांड्यात माझ्या शेजारी बसत. अहवालातील तो चांगला आकडा त्यांनी मला दोनदा दाखविला होता.

पैशाने काय होते आणि काय होत नाही

दुसऱ्या दिवशी पेशी २,४०० वर आल्या. माझे बंधू डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, खर्चाकडे पाहू नका. पेशी वाढविण्याचे इंजेक्शन असते म्हणतात, ते द्या. रक्त लागले तर आम्ही सगळे देतो." व्यापारी माणसाला अडचणीत हेच सुचते, आणि त्यात वावगे काही नाही.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि दहा मिनिटे दिली. अशी इंजेक्शने आहेत. ती अस्थिमज्जेला पेशी बनविण्यास उद्युक्त करतात. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या व वजनाने लहान अशा २८० बाळांपैकी निम्म्यांना संसर्ग होण्याआधीच असे औषध देऊन पाहिले. २००९ साली निष्कर्ष आले. पेशींचा आकडा खरोखर वाढला; परंतु संसर्गाशिवाय जगणाऱ्या बाळांची संख्या वाढली नाही. संसर्ग झालेला आहे आणि पेशीही कमी आहेत, अशा बाळांत काही फायदा असावा असे लहान अभ्यासांतून दिसले; पण त्या अभ्यासांतील बाळे सगळी मिळून शंभरसुद्धा नव्हती. तेवढ्यावर नियम बांधता येत नाही. दात्याच्या पांढऱ्या पेशी काढून बाळाला देण्याचेही प्रयोग झाले. त्यांतून ठाम लाभ सिद्ध झालेला नाही. शिरेतून प्रतिद्रव्ये देण्याचा महागडा उपाय अनेक वर्षे प्रचारात होता. नऊ देशांतील सुमारे ३,५०० बाळांवर त्याची चाचणी झाली. २०११ साली निकाल आला तेव्हा औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचे प्रमाण सारखेच, ३९ टक्के, निघाले.

ऐकता ऐकता मला ३१ मार्चची शाखा आठवली. वर्षअखेरीस ठेवींचा आकडा फुगवून दाखविण्यासाठी मोठ्या खातेदारांना विनंत्या केल्या जात. पहिल्या एप्रिलला त्या ठेवी परत जात. ताळेबंद सजे, शाखा सुधारत नसे. आकडा सुधारणे आणि प्रकृती सुधारणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मला बँकेत ठाऊक होते; रुग्णालयात ते नव्याने शिकावे लागले.

मग उपयोग कशाचा होतो? डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितले: योग्य प्रतिजैविक लवकर सुरू होणे, बाळाची ऊब टिकणे, साखर व श्वास यांवर नजर, आईचे दूध, आणि हात लावणाऱ्या प्रत्येकाचे हात स्वच्छ असणे. "यातले महागडे फारसे काही नाही," ते म्हणाले, "फक्त वेळेवर लागते."

प्रतिजैविकांविषयी एक गोष्ट चिंता वाटावी अशी आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या तेरा हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास झाला. सुमारे १४ टक्के बाळांत रक्तातील संसर्गाचे निदान झाले, आणि बहुतेक संसर्ग पहिल्या तीन दिवसांतच उद्भवले होते. सापडलेल्या जंतूंपैकी पुष्कळ जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. आमच्या बाळाच्या रक्तात तिसऱ्या दिवशी क्लेबसिएला हा जंतू वाढलेला दिसला आणि त्यानुसार औषध बदलावे लागले. आपण मोठी माणसे साध्या सर्दीला दुकानातून प्रतिजैविक आणून घेतो आणि बरे वाटताच अर्ध्यावर सोडतो. त्यातून जंतू अधिक चिवट होत जातात, आणि कधी तरी त्यांची गाठ एखाद्या तान्ह्या बाळाशी पडते.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो अनेक घरांत अडतो. डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला संसर्ग आहे का, हे पाहण्यासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची परवानगी मागितली. घरात रडारड झाली. पाठीत सुई घातली की मूल पांगळे होते, असे कोणी तरी सांगितले. जावयांनी शांतपणे विचारले, "तपासणी न केल्यास काय होईल?" उत्तर आले, "मेंदूपर्यंत संसर्ग गेला असेल तर औषध जास्त दिवस द्यावे लागते. तपासले नाही तर ते कळणार नाही." जावयांनी सही केली. सुदैवाने ते पाणी स्वच्छ निघाले.

पाचव्या दिवशी पेशी ५,८०० झाल्या. परंतु त्याच्या आदल्या संध्याकाळीच बाळाने वाटी-चमच्याने दिलेले आईचे दूध पहिल्यांदा चवीने घेतले होते आणि चांगले मोठ्याने रडले होते. सौ. म्हणाली, "आता बरे आहे." या वेळी मी अहवालाची वाट पाहिली नाही.

आकड्यापूर्वीची लक्षणे

आपल्या महाराष्ट्रातच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळांची पाहणी करण्याचे शिक्षण दिले. तेथे प्रयोगशाळा नव्हती, पेशींची मोजणी नव्हती. बाळ दूध कमी पिते का, सुस्त झाले का, गार पडले का, श्वास जलद आहे का, अशा लक्षणांवरून त्या संसर्ग ओळखीत. आईवडील रुग्णालयात नेण्यास तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने दुसरे प्रतिजैविक देत. संसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि पुढे आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींची देशव्यापी योजना याच वाटेने आली. एम.कॉम. झालेल्या मला जे दिसले नाही, ते थोडे शिकलेल्या त्या भगिनींना दिसत होते, आणि आमच्या सौ.लाही दिसले.

म्हणून पहिल्या महिन्यातील बाळाबाबत ही लक्षणे घरातील प्रत्येकाने, पुरुषांनीसुद्धा, पाठ करावीत. बाळ नीट पीत नाही किंवा पिणे थांबविते. हलविल्याशिवाय हालचाल करीत नाही. अंग गार पडते, म्हणजे काखेतील तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते. किंवा ताप येतो, म्हणजे ३७.५ वा त्याहून अधिक होते. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते. झटके येतात. बेंबीभोवती लाली किंवा पू दिसतो. यांपैकी एकही लक्षण दिसले तर रक्ताच्या अहवालासाठी थांबू नये. त्याच वेळी, रात्र असली तरी, नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. बाळ दिवसांपूर्वी जन्मलेले असेल, वजन कमी असेल, प्रसूतीपूर्वी अठरा तासांहून अधिक काळ पाणी गेलेले असेल किंवा आईला ताप असेल, तर आधीपासूनच डोळ्यांत तेल घालून पाहावे. आमच्या बाळात यांतील तीन गोष्टी होत्या आणि आम्ही पेढे वाटीत होतो.

आता आपल्या घरांविषयी थोडे. दुकान खाली आणि घर वर, ही आपली जुनी सोय. गल्ल्यावरून उठून, दिवसभर नोटा, पोती, मापे हाताळलेल्या हातांनी आपण थेट पाळण्याकडे जातो. साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यावयाचे नाही, हा नियम घरच्या मोठ्या माणसाने स्वतःपासून लावावा. मग पाहुण्यांना सांगणे अवघड जात नाही. पहिला महिनाभर भेटीस येणाऱ्यांनी बाळंतिणीच्या खोलीबाहेरूनच आशीर्वाद द्यावा. मध आपल्या घरांत बहुधा येतच नाही. परंतु गुळाचे पाणी, घुटी, उगाळलेली औषधे बोटाने चाटविली जातात. सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाला पाणीसुद्धा लागत नाही. बेंबीला तेल, हळद, पावडर काही लावू नये. ती कोरडी राहू द्यावी. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे ही सर्वांत चांगली ऊब आहे.

आणि बँकेच्या माणसाचे दोन शब्द. पुष्कळ आरोग्य विमा पॉलिसींत बाळाला पहिले ९० दिवस संरक्षण नसते. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर आजच पॉलिसी काढून ते कलम वाचावे. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहेत आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तेथील उपचारास पैसे पडत नाहीत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आपल्या दुकानातील नोकर, हमाल, मोलकरीण यांना हे आवर्जून सांगावे. त्या व्हरांड्यातील वडिलांनी मला सांगितले होते की, रात्री गाडीभाडे जमेना म्हणून ते सकाळच्या एस.टी.ने आले. १०८ हा आकडा त्यांना कोणी सांगितला नव्हता.

घरी सोडण्याच्या दिवशी मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारले, "मी सकाळपर्यंत थांबण्यास सांगितले होते. थांबलो असतो तर?" ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही, काका. पण माझे बाळ असते तर मी थांबलो नसतो."

बाळ आता सात महिन्यांचे आहे. कानांची तपासणी झाली, ती उत्तम आली. ते आता घर डोक्यावर घेते, आणि कोणी त्याला 'गुणाचे' म्हणत नाही. बाळाच्या बारशाला हा लेख लिहिण्याचे मी कबूल केले होते, ते आज पुरे झाले.

वारसनोंदीसंबंधीच्या पत्रांची उत्तरे पुढील अंकी.